सुपरमार्केटची ऑर्डर-व्यवस्था: कोऱ्या सर्व्हरपासून घरपोच पिशवीपर्यंत

पगार झाला की पहिल्या आठवड्यात दुकानाच्या फोनवर याद्या येऊ लागतात. कुणी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवतं, कुणी वहीच्या पानाचा फोटो काढून धाडतं, कुणी फोनवर ‘नेहमीचंच द्या, साखर तेवढी एक किलो जास्त’ एवढंच सांगतं. हे सगळं एका जागी आणणारं वेब ॲप्लिकेशन बांधायला मोठी टीम लागत नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं वेब ॲप्लिकेशन बांधायचं साधन जँगो, एवढं येणारा एक माणूस पुरतो. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. स्क्रीनवरचा भाव आणि साठा रॅकवरच्या मालाशी जुळत नाही, आणि मग माल काढणारा मुलगा निम्म्या ओळींवर फुली मारून बसतो. म्हणून इथे सर्व्हरच्या आधी त्या जुळणीबद्दल, आणि जरा जास्तच.

गृहीत असं धरलंय: एकच दुकान, पाच-सात हजार वस्तू, दिवसाला शंभर-दीडशे ऑर्डरी. एवढ्याला दोन कोअर आणि ४ जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर भरपूर झाला. त्यावर उबुंटू २४.०४ (ऑपरेटिंग सिस्टम), पायथन ३.१२, पोस्टग्रेस १६ (डेटाबेस), जँगो ५.२, गुनिकॉर्न (जँगोचा कोड चालवणारा) आणि एंजिनएक्स (बाहेरून आलेल्या विनंत्या त्याच्याकडे देणारा वेब सर्व्हर). पायथन आणि पोस्टग्रेसच्या या आवृत्त्या उबुंटूच्या पेटीतच मिळतात. जँगो ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती असल्याने एप्रिल २०२८ पर्यंत तिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतील. आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पहिली पायरी: तक्ते कागदावर

वस्तू, भाव, कर-दर, साठा-नोंद, ग्राहक, ऑर्डर, ऑर्डरची ओळ, स्थिती-नोंद. डेटाबेसात हे आठ मुख्य तक्ते लागतात, एक-दोन छोटे पुढे येतील. नवखा माणूस भाव आणि कराचा दर वस्तूच्याच तक्त्यात एकेका रकान्यात ठेवतो आणि तिथेच फसतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. अंघोळीचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर आलं, पाकीटबंद पनीरवरचा ५ टक्के कर गेला. ज्यांच्याकडे दराचा एकच रकाना होता त्यांनी तो त्या रात्री बदलला, आणि २० तारखेला विकलेला शॅम्पू २४ ला परत आला तेव्हा जुन्या बिलावर नवा दर दिसू लागला. परतीच्या मालाला विक्रीच्या दिवशीचाच दर लागतो. म्हणून कर-दराच्या तक्त्यात वस्तू, दर आणि ‘कोणत्या तारखेपासून लागू’ असे तीन रकाने ठेवा. शिवाय ऑर्डर नोंदवली जाते त्या क्षणी वस्तूचं नाव, भाव आणि दर ऑर्डरच्या ओळीत उतरवून घ्या. ती ओळ पुन्हा कधीही वस्तूच्या तक्त्याकडे भाव विचारायला जाता कामा नये.

सुट्या मालाचं आणखी एक. सुटा तांदूळ तोलून दिला तर कर शून्य, आणि तोच तांदूळ २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात दिला तर ५ टक्के. जुलै २०२२ पासून हा फरक आहे. त्यामुळे ‘कोलम तांदूळ, सुटा’ आणि ‘कोलम तांदूळ, ५ किलो पाकीट’ या दोन वेगळ्या वस्तू म्हणूनच नोंदवाव्यात.

पैशांसाठी फ्लोट (अंदाजे दशांश) प्रकार वापरू नये, डेसिमल (नेमका दशांश) वापरावा, हे कुठेही वाचायला मिळतं. पण डेसिमल वापरूनही एक पैसा सांडतो. छापील किमतीत कर धरलेला असतो. २० रुपयांचा बिस्किटपुडा, दर ५ टक्के: २० भागिले १.०५ म्हणजे मूळ किंमत १९.०५, कर ९५ पैसे. आता हे ९५ पैसे केंद्र आणि राज्य असे दोघांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी साडेसत्तेचाळीस. दोन्ही वर गेले तर ४८ अधिक ४८, आणि बिल होतं २० रुपये १ पैसा. छापील किमतीपेक्षा एक पैसा जास्तीचं बिल ग्राहकाला दिसलं तर तो गप्प बसत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. उलटा हिशेब करावा: आधी एका भागाचा कर काढून पैशापर्यंत पूर्ण करा (४८ पैसे), तो दुप्पट करून २० मधून वजा करा, आणि उरलेले १९.०४ मूळ किंमत म्हणून दाखवा. बेरीज कधीच चुकत नाही.

बिलाच्या क्रमांकासाठी डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा वापरू नका. डेटाबेसातली नोंद मधेच फसली तरी पोस्टग्रेस तो आकडा परत घेत नाही, आणि क्रमात भोक पडतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलक्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. वेगळ्या तक्त्यात एक मोजणी ठेवा, ती ओळ कुलूपबंद करून (म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला ती बदलता येणार नाही अशी धरून) वाढवा, १ एप्रिलला नवी मालिका सुरू करा. क्रमांकही ऑर्डर घेताना न देता बिल बनताना द्यावा. रद्द होणाऱ्या ऑर्डरींनी मालिका खाऊ नये.

बारकोड आणि वजनकाट्याची चिठ्ठी

बारकोडचा रकाना मजकुराचा ठेवा, आकड्याचा नको. शून्याने सुरू होणारे कोड आकड्यात गेले की पुढचं शून्य गळतं. त्याहून मोठं नुकसान एक्सेलमधून होतं. पुरवठादाराची यादी एक्सेलमध्ये उघडली की ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी कोड ‘८.९ई+१२’ असा दिसतो, आणि ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली तर शेवटचे आकडे कायमचे जातात. आयात करताना प्रत्येक कोडचा तपास-अंक मोजून पाहा. डावीकडून विषम जागांवरचे आकडे तसेच, सम जागांवरचे तिप्पट, सगळ्यांची बेरीज, आणि तिला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेणारा आकडा तो तेरावा. न जुळणारी ओळ आत घेऊच नका.

दुकानात तोललेल्या मालाची चिठ्ठी वेगळी असते. २० ते २९ हे सुरुवातीचे आकडे दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत. काटा बहुधा असा लावतात: २१, मग पाच आकडी वस्तू-कोड, मग पाच आकडी ग्रॅम, शेवटी तपास-अंक. २१०००४२०१२५०९ म्हणजे ४२ क्रमांकाची वस्तू, १२५० ग्रॅम. तूरडाळ १४८ रुपये किलो असेल तर ओळ १८५ रुपयांची. काही काटे वजनाऐवजी रक्कम छापतात, तेव्हा आधी काट्याची मांडणी पाहा आणि मगच वाचणारा कोड लिहा. वजन डेटाबेसात पूर्णांक ग्रॅममध्ये साठवलं की दशांशाची कटकट उरत नाही.

साठा: हा भाग घाईत उरकू नका

साठ्याचा एक आकडा ठेवून तो कमी-जास्त करत राहिलं तर महिन्याभरात तो आकडा का चुकला हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी खतावणीसारखी साठा-नोंद ठेवा: आवक, विक्री, परत, खराब, मोजणीतला फरक. प्रत्येक ओळीला तारीख, नग आणि करणाऱ्याचं नाव. चालू साठा म्हणजे या ओळींची बेरीज. वेगासाठी ती बेरीज वस्तूच्या तक्त्यात जपून ठेवायला हरकत नाही, पण खरी नोंद खतावणीचीच.

ऑर्डर आली की माल लगेच वजा होत नाही, राखला जातो. शेल्फवर बारा, राखलेले पाच, तर दाखवायचे सात. पिशवी रवाना झाली की राखीव सुटतो आणि विक्रीची ओळ पडते. ऑर्डर रद्द झाली की नुसता राखीव सुटतो. हे सुटणं विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक. माल समोर रॅकवर पडलेला असतो आणि स्क्रीन ‘संपला’ म्हणत राहते.

दोन ग्राहकांनी शेवटचा एकच डबा एकाच सेकंदाला मागितला तर? जँगोत ‘ट्रान्झॅक्शन ॲटॉमिक’च्या (आतलं सगळं होईल, नाहीतर काहीच नाही) आत ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने त्या वस्तूंच्या ओळी कुलूपबंद करा, मग तपासा, मग राखा. दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, ओळी नेहमी आयडीच्या चढत्या क्रमाने कुलूपबंद करा. एक ऑर्डर आधी साखर मग चहा आणि दुसरी आधी चहा मग साखर धरून बसली, तर दोघी एकमेकींची वाट पाहत राहतात आणि पोस्टग्रेस शेवटी एकीला मारून टाकतं. दोन, लॅपटॉपवर सरावासाठीसुद्धा एसक्यूलाइट (एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) वापरू नका. तिथे ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ काहीच करत नाही आणि तक्रारही करत नाही. चाचणी पास होते, दुकानात डबा दोघांना विकला जातो.

एवढं करूनही एक भोक राहतंच: काउंटर. दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर तोच माल विकत असतं आणि त्याला आपल्या ॲप्लिकेशनचा पत्ता नसतो. त्यात निर्यातीची सोय असेल तर दर पंधरा मिनिटांनी विक्रीची फाइल आत ओढा. नसेल तर जलद खपणाऱ्या वस्तूंना राखण लावा, म्हणजे दूध पिशव्या, अंडी, ब्रेड यांचे शेवटचे चार-पाच नग ऑनलाइन दाखवायचेच नाहीत. दिसायला गावठी उपाय आहे, पण काम करतो.

ऑर्डरच्या स्थिती आणि बदली माल

नवी, स्वीकारली, काढणी सुरू, तयार, रवाना, पोचली, रद्द. कोणत्या स्थितीतून कुठे जाता येतं हे कोडमध्ये एका जागी लिहा. ‘पोचली’ वरून ‘नवी’ वर उडी मारता येता कामा नये. प्रत्येक बदल स्थिती-नोंदीत वेळेसह टाका. ‘काल सांगितलं होतं’ या वादात तीच कामी येते.

काढणीची यादी ग्राहकाने लिहिलेल्या क्रमाने छापू नका, रॅकच्या क्रमाने छापा. डाळी एकत्र, साबण-पावडर एकत्र, थंड माल शेवटी. प्रत्येक ओळीवर ‘बदली चालेल / नको / फोन करा’ यांपैकी ग्राहकाने काय निवडलं तेही छापा. पोह्यांचा एक ब्रँड नसला तर दुसरा चालतो, बाळाच्या दुधाच्या पावडरीचा चालत नाही. अशा वस्तूंना बदलीची परवानगी मुळातच बंद ठेवा.

‘ऑर्डर पाठवा’ हे बटण नेटवर्क मंद असलं की माणूस तीनदा दाबतो. पान उघडतानाच एक एकमेव खूण तयार करून फॉर्ममध्ये ठेवा आणि डेटाबेसात त्या रकान्यावर ‘युनिक’चं बंधन घाला. दुसरी-तिसरी विनंती आली की आधीचीच ऑर्डर दाखवायची.

शोध: वऱ्याचे तांदूळ सापडले पाहिजेत

एकादशीच्या आदल्या दिवशी ग्राहक भगर शोधतो, किंवा वरई, किंवा वऱ्याचे तांदूळ, किंवा रोमन लिपीत यांपैकी काहीही. म्हणून वस्तूला टोपणनावांचा तक्ता जोडा आणि शोध त्यातून चालवा. ‘वऱ्याचे’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी मजकूर एकाच रूपात आणा. स्पेलिंगच्या किरकोळ चुकांसाठी पोस्टग्रेसचं ट्रायग्राम एक्स्टेन्शन (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून पाहणारी जोड) पुरेसं आहे, वेगळं शोध-इंजिन बसवायची गरज नाही.

लॅपटॉपवर

पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (या कामापुरता वेगळा कप्पा) बनवा, त्यात जँगो, सायकोपीजी (पोस्टग्रेसशी बोलणारा दुवा) आणि गुनिकॉर्न बसवा, आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये बांधून ठेवा. पहिलं ‘मायग्रेट’ (डेटाबेसात तक्ते उभे करणारी आज्ञा) चालवायच्या आधी स्वतःचं यूजर मॉडेल लिहा, मोबाइल नंबर हेच लॉगिन ठेवून. नंतर बदलायचं म्हटलं तर ते फार जिकिरीचं काम होतं. वेळेचं सेटिंग ‘एशिया/कोलकाता’ ठेवा आणि ‘यूज टीझेड’ चालू ठेवा. डेटाबेसात वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) जाते, म्हणजे आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६:३०. दिवसाचा अहवाल हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधून काढलात आणि हे विसरलात, तर रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या ऑर्डरी आदल्या दिवसात मोजल्या जातील.

सर्व्हरवर, क्रमाने

१. एसएसएच (सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन) किल्लीने आत जा, साधा वापरकर्ता बनवा, रूटचं थेट लॉगिन बंद करा. यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये आधी एसएसएचला परवानगी द्या, मग ८० आणि ४४३ या वेबच्या दारांना, मगच ते सुरू करा. क्रम चुकला की स्वतःच बाहेर राहाल. पोस्टग्रेसचं ५४३२ दार बाहेर उघडायचं नाही.

२. डेटाबेस बनवताना ॲप्लिकेशनच्या वापरकर्त्याला त्याचा मालक करा. नुसते अधिकार दिलेत तर ‘मायग्रेट’ला ‘पब्लिक स्कीमा’साठी परवानगी नाही असा नकार येतो. पोस्टग्रेस १५ पासून हा बदल आहे आणि जुन्या लेखांतल्या पायऱ्या इथेच अडतात.

३. कोड ‘होम’मध्ये ठेवू नका, ‘एसआरव्ही’ फोल्डरमध्ये ठेवा. उबुंटूत घरचं फोल्डर इतरांना बंद असतं, एंजिनएक्सला आतल्या स्टॅटिक फाइली वाचता येत नाहीत आणि पान रंगरूप हरवून ४०३ च्या चुकीसह उघडतं.

४. सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि ती फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कधीच नाही. ‘डीबग’ बंद. ‘अलाउड होस्ट्स’मध्ये डोमेनचं नाव, ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’मध्ये तेच नाव एचटीटीपीएसच्या उपसर्गासह. मग ‘मायग्रेट’, ‘कलेक्टस्टॅटिक’ आणि शेवटी ‘चेक’ ही आज्ञा ‘डिप्लॉय’ पर्यायासह. ती जे इशारे देईल ते वाचा.

५. गुनिकॉर्न सिस्टमडीची (उबुंटूत सेवा सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून लावा, म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी आपोआप उठतो. वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) कोअरच्या दुप्पट अधिक एक, इथे पाच. एक विनंती ३० सेकंदांत संपली नाही तर गुनिकॉर्न वर्करच मारतो. वार्षिक अहवाल ‘मधेच बंद पडतो’ तो यामुळे. मुदत वाढवत बसण्यापेक्षा असे अहवाल रात्री आधीच तयार करून ठेवा.

६. एंजिनएक्समध्ये होस्ट आणि ‘एक्स फॉरवर्डेड प्रोटो’ ही शीर्षकं पुढे पाठवा, आणि जँगोत ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ लावा. हे न करता ‘एसएसएल रीडायरेक्ट’ चालू केलंत तर पान स्वतःकडेच वळत राहतं आणि ब्राउझर कंटाळून थांबतो. फाइलची मर्यादा मुळात १ एमबी असते. यादीचा फोटो चढवताना ४१३ ची चूक येते, ती १० एमबी करा.

७. डोमेनची ए-नोंद (नावाला सर्व्हरचा पत्ता जोडणारी नोंद) सर्व्हरच्या पत्त्यावर वळली आहे याची खात्री झाल्यावरच सर्टबॉट चालवा, तो लेट्स एन्क्रिप्टकडून एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आणतो. घाईत पुन्हापुन्हा चालवलंत तर तासाला पाच फसलेल्या प्रयत्नांनंतर लेट्स एन्क्रिप्ट दार बंद करतं. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं, पण ‘ड्राय रन’ (सरावाची फेरी) एकदा करून बघा.

अडलं तर: ५०२ म्हणजे गुनिकॉर्न उठलेला नाही किंवा एंजिनएक्स आणि गुनिकॉर्न यांना जोडणाऱ्या सॉकेटची परवानगी चुकली, ‘जर्नलसीटीएल’मध्ये (सर्व्हरच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) कारण मिळतं. ४०० म्हणजे बहुतेक ‘अलाउड होस्ट्स’.

छपाई आणि पैसे

भाड्याच्या सर्व्हरला दुकानातला प्रिंटर दिसत नाही. बिल काउंटरच्या ब्राउझरमधूनच छापायचं. ८० मिमी कागदाची छापण्याजोगी रुंदी ७२ मिमी असते, पानाची मांडणी त्याच मापाची ठेवा. थर्मल प्रिंटरला थेट मजकूर पाठवला तर देवनागरीच्या जागी चिन्हांचा कचरा येतो, कारण जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. ओळ आधी चित्र म्हणून रंगवून पाठवावी लागते. ब्राउझर आणि ड्रायव्हरमधून छापलं की ते आपोआप होतं.

ऑनलाइन पैसे घेत असाल तर ‘पैसे मिळाले’ हे ग्राहकाच्या ब्राउझरवरून ठरवू नका. पेमेंट गेटवेकडून सर्व्हरला येणारी सूचना, तिची सही तपासून, हीच खरी. तीच सूचना दोनदा येऊ शकते, तेव्हा दुसऱ्यांदा काही करायचं नाही. सुटा माल असलेल्या ऑर्डरीत खरी रक्कम तोलल्यावरच कळते. त्यामुळे आधी पैसे घेऊन फरक परत करत बसण्यापेक्षा दारात नेमक्या रकमेचा यूपीआय क्यूआर दाखवणं छोट्या दुकानाला सोपं जातं.

बॅकअप आणि पहिला पंधरवडा

रोज रात्री पीजी-डंप (सगळा डेटाबेस एका फाइलीत उतरवणारी आज्ञा), आणि ती फाइल सर्व्हरबाहेर. सर्व्हरचं घड्याळ मुळात युटीसीवर असतं. वेळ बदलून घेतली नाही तर रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला चालतो. महिन्यातून एकदा ती फाइल दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसात उघडून कालच्या ऑर्डरी मोजा. कोडमधला कुठलाही बदल दुकान बंद झाल्यावर, आधी बॅकअप घेऊन चढवा, आणि महिन्याच्या १ ते ७ तारखेला काहीच चढवू नका.

सुरुवात महिन्याच्या मधल्या आठवड्यात करा, वीस-पंचवीस ओळखीच्या ग्राहकांपासून. वही लगेच बंद करू नका. दोन आठवडे रोज रात्री कोणत्याही वीस वस्तू रॅकवर मोजा, खतावणीच्या आकड्याशी ताडून पाहा आणि फरकाचं कारण त्याच रात्री शोधा, दुसऱ्या दिवशी ते कुणाला आठवत नाही. आणि इंटरनेट जाणारच आहे. म्हणून ‘स्वीकारली’ आणि ‘तयार’ या स्थितीतल्या ऑर्डरींची यादी, पत्ता आणि रकमेसकट, दर दोन तासांनी काउंटरवर छापून ठेवायला सांगा. लाइन गेली तरी डिलिव्हरीवाल्या मुलाच्या हातात कागद असतो.